एकच्या आधीचं नाव

अंबाबाईला सगळी वस्ती तोंडाळ म्हणायची, आणि ती तोंडाळ होतीच. उगाच खोटं कशाला बोला! मेंढक्याच्या पोरीनं मान खाली घालून चालावं अशी ज्यांची इच्छा होती, त्यांना तिनं कधी तेवढं सुख लाभू दिलं नाही. जन्मली तीच मुळी चालत्या कळपात. बाप रायभान मेंढरं घेऊन पोखर्णीच्या रस्त्यानं निघालेला, माय म्हाळसाबाई बिऱ्हाडाच्या घोड्यामागं, आणि वाटेत एका बाभळीखाली ही बया अवतरली. रायभान सांगायचा, "अशी बोंबलली म्हनता, मेंढरं बिथरून दुसऱ्याच्या जवारीत घुसली." म्हणजे पहिलं भांडण हिनं जन्मल्या दिवशीच बापाच्या गळ्यात घातलं.

शिकायला तिला मामाच्या गावी ठेवलं होतं. तिथं मास्तरांनी लोकरीचा वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी ही सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर ठाण मांडून बसली. मास्तर आले, बघतच राहिले. अंबा म्हणाली, "गुर्जी, वास तिकडून बी येतोच की. तुमी खिडकी उघडा." वर्ग हसला. मास्तरांनी मुकाट्यानं खिडकी उघडली, आणि शाळा सुटेपर्यंत तो बाक तिचाच राहिला.

ती बारावी झाली त्या साली सेलूला सरकीच्या दुकानावरच्या माडीत कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. यंत्र एकच. त्याच्यावर पांढरी चादर, खोलीत गारवा, आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. धूळ चालत नाही म्हणे. माणसानं उंबऱ्यावर नकळत हात जोडावेत असा सगळा थाट. शिकवायला परभणीचे रंगनाथ सर होते. तरणा माणूस, जाड चष्मा, आणि बोलणं पट्टीनं आखल्यासारखं सरळ.

अंबानं बापाला सांगितलं, मला ते शिकायचंय. रायभान घोंगडी झटकत म्हणाला, "शीक की. मी कुटं न्हाई म्हनायलोय? पर पुसाच्या महिन्यात कळप गोदाकाठाला जानार. तवर परीक्षेचा कागद हाती आला तर ऱ्हा मामाकडं, पुढं काय करायचं ते तुजं तू बघ. कागद न्हाई आला तर मुकाट कळपासंगं चलायचं. मंग रडायचं न्हाई."

"रडतंय कोन!" अंबा म्हणाली. तेवढ्यावर करार झाला.

नाव घालायच्या दिवशी नामांतरावरून बंद होता. एसटी नाही, टेम्पो नाही. अंबा पायीच निघाली. मेंढरामागं वाढलेल्या पोरीला चालण्याचं काय कौतुक! पण ती पोचेस्तोवर उशीर व्हायचा तो झालाच. सरांनी सकाळीच हजेरीच्या वहीत दहा ओळी आखल्या होत्या, दहाही भरल्या होत्या आणि खाली सही ठोकून सर मोकळे झाले होते.

"दहाच खुर्च्या आहेत," सर म्हणाले.

"मला कुटं खुर्ची पायजे?" असं म्हणून अंबानं खांद्यावरची घोंगडी कोपऱ्यात अंथरली आणि बसली. आता काय उचलून बाहेर टाकायची का? सर वैतागले. पण माणूस वाईट नव्हता. सहीच्या खाली लिहिणं त्यांच्या शिस्तीत बसेना, म्हणून त्यांनी एक नंबरच्या वर, कागदाच्या कोऱ्या कडेला, तिचं नाव लिहून ठेवलं.

आणि तिथंच घोळ झाला. यंत्रावर बसायची पाळी सर हजेरीवरून लावायचे. "नंबर एक!" की एक नंबर उठून यंत्रापुढं. मग दोन, मग तीन. दहा झाले की पुन्हा एक. अंबा कोपऱ्यातून बघायची, काचेवर हिरवी अक्षरं उमटायची, मिटायची. आठवडाभर तिनं दम धरला. मग विचारलं, "सर, माजी पाळी?"

"तुला नंबर कुठं आहे?" सर म्हणाले. त्यात खवचटपणा काही नव्हता. खरंच त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, आणि याचाच तिला जास्त संताप आला. मुद्दाम डिवचलं असतं तर तिनं माडी डोक्यावर घेतली असती. विसरलेल्या माणसाशी भांडायचं कसं? तिनं पुठ्ठ्यावर यंत्राची सगळी बटणं काढली आणि त्याच्यावर बोटं बडवत बसली. सर शिकवत ते मात्र एक अक्षर सोडलं नाही.

सर बेसिक नावाची यंत्राची भाषा शिकवत. म्हणाले, "यादी म्हणजे खान्यांची रांग. अख्ख्या रांगेला नाव एकच, आणि प्रत्येक खान्याला नंबर. आपण दहाची यादी मागितली की यंत्र स्वतःच्या मनानं एकच्या आधी शून्य नंबरचाही एक खाना देतं. तो सोडून द्या. आपल्या कामाचा नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जे काम पुन्हा पुन्हा लागतं ते एकदाच खाली लिहून ठेवायचं. समजा, पाचशे नंबरच्या ओळीपासून. मग वरून नुसती हाक मारायची. यंत्र पाचशेवर जातं, काम उरकतं, आणि जिथून गेलं तिथं परत येतं."

हे हाकेचं अंबाला लगेच पटलं. बाप कुत्र्याला नुसतं "वळीव" म्हणतो, वळवायचं कसं ते दर वेळी सांगत बसतो का? पण शून्याचा खाना तिच्या डोक्यातून जाईना. दिलेला खाना सोडून द्यायचा म्हणजे काय?

सुट्टीला ती बापाच्या तळावर गेली, तेव्हा दिवस मावळायला मेंढरं वाडग्यात शिरत होती. पुढं भंडाऱ्या. हा देवाचा मेंढा. दर कळपात असा एक असतोच. त्याच्या कपाळाला हळद, गळ्यात घंटी. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, आणि मोजायचं तर मुळीच नाही. देवाचं धन, आपण मोजणारे कोण? भंडाऱ्या वाडग्याच्या तोंडाशी आला. रायभाननं त्याच्या कपाळाला हात लावला, तो हात आपल्या कपाळाला लावला, तोंडातून चकार शब्द काढला नाही. भंडाऱ्या आत गेल्यावर मागच्या मेंढीपासून सुरू केलं, "एक..."

"बा!" अंबा ओरडली. "शून्याचा खाना ह्योच की!"

"मोजनी चुकवू नगंस!" रायभान खेकसला. म्हाळसाबाई चुलीपाशी हसत होती.

अंबानं वहीत यादी लिहिली. एकवर कवळी, दोनवर बांडी, तीनवर लांबकानी, अशी दहा मेंढरं. आणि शून्यावर भंडाऱ्या. पाचशेव्या ओळीवर काम लिहिलं : एकपासून दहापर्यंत जा, एकेक नाव छापून परत ये. बाजाराला न्यायची जनावरं हवीत? मारा हाक. भंडाऱ्या यादीत आहे, पण बाजारात जायचं नाव नाही. वा रे वा! ती स्वतःवरच खूश झाली.

सरांनी वही बघितली आणि कपाळाला आठी घातली. "शून्यात मेंढा कशाला? खोड ते."

"न्हाई खोडनार."

"परीक्षेत मार्क जातील."

"जाऊ द्या. देवाला काय मार्कासाठी हाकलू?"

परीक्षेला औरंगाबादचे साहेब आले. पिकल्या केसांचे, शांत. एकेकाला यंत्रापुढं बसवायचे, काम सांगायचे आणि गुमान बघत राहायचे. नंबर एक झाला, दोन झाला. दहा झाल्यावर सरांनी चादर उचलली, यंत्र झाकायला. तेवढ्यात अंबा घोंगडीवरून उठली आणि तरातरा जाऊन खुर्चीत बसली.

"अगं!" सर म्हणाले. "तुझं नाव मी साहेबांना कळवलेलंच नाही. तू नंबरात नाहीस."

"मी वर्गात हाय का न्हाई ते सांगा. दोन म्हैने मी हितंच बसले हाय, सर. परीक्षा दिल्याबिगर मी उठत न्हाई. चादर टाकायची तर माज्यासकट टाका!"

 तिला रडू येत होतं, पण रडायचं नाही हा करार होता. पूस तोंडावर आला होता, आणि आज उठली असती तर सरळ गोदाकाठ. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "हजेरीत नाव असेल तर मला चालतं," ते म्हणाले. "करू दे तिला."

खऱ्या बटणांवर तिची बोटं त्या दिवशी पहिल्यांदा पडली. पुठ्ठ्यापेक्षा ती कडक होती आणि वाजत होती. एकेक अक्षर हुडकून तिनं आपली यादी घातली, पाचशेवरचं काम घातलं. साहेब म्हणाले, "बाजाराची यादी दाखव." तिनं हाक मारली. कवळी, बांडी, लांबकानी, धडाधड दहा नावं हिरव्या अक्षरात उतरली. भंडाऱ्या नव्हता. बरोबर!

"आता याच कळपाला जंताचं औषध पाजायचंय," साहेब म्हणाले. "कुणाकुणाला, ते दाखव."

हे काय अवघड! तिनं तीच हाक पुन्हा मारली. तीच दहा नावं उतरली.

"आणि तो शून्यावरचा?" साहेबांनी विचारलं. "त्याला जंत होत नाहीत?"

वर्ग खो खो हसला. अंबाची कानशिलं तापली. खरंच की! देवाचा झाला म्हणून काय, रोगराई त्यालाही होते. घरी बा सगळ्यात आधी भंडाऱ्याच्याच तोंडात नळी घालायचा. आणि इथं ती त्याला विसरली, कारण मोजणी एकपासून करायची सवय तिच्या हाडात होती.

रंगनाथ सर पुढं आले. हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, "अंबा, हट्ट सोड. त्याला शून्यावरून काढ, यादी वाढव आणि टाक अकरावर. एका मिनिटाचं काम आहे. पास होशील."

सोपं होतं. खरंच एका मिनिटाचं होतं. पण हाक दोन्ही कामांना एकच, मग भंडाऱ्या बाजाराच्याही यादीत आला असता. तिनं काचेकडे बघितलं. मेंढा आत आहे, कळपात आहे, घंटी वाजवत सगळ्यांच्या पुढं आहे, आणि हाक मात्र एकपासून. नंबर एक, नंबर दोन. दोन महिने कोपऱ्यात बसून तिनं दुसरं ऐकलं काय होतं? आणि तेच तिनं भंडाऱ्याला केलं! आधी तिला स्वतःचाच राग आला, आणि मग सगळ्यांचा.

"सर, चूक माजी हाय," ती म्हणाली. "पर चूक त्याच्या जाग्याची न्हाई. हाकंची हाय. त्यो हाय तितंच ऱ्हानार."

तिनं पाचशेवरची ओळ बदलली. एकपासून जा, असं होतं, तिथं केलं : सांगेन तिथपासून जा. मग वर येऊन लिहिलं, बाजाराला हाक मारताना सुरुवात एक, औषधाला हाक मारताना सुरुवात शून्य. काम तेच, हाक तीच, फक्त कुठून सुरू करायचं ते आधी सांगायचं. एक बटण चुकलं, यंत्रानं कुरकुर केली. तिनं दात खाऊन पुन्हा लिहिलं. बाजाराची यादी आली, भंडाऱ्याविना. मग औषधाची आली, आणि सगळ्यात वर, कवळीच्याही आधी, भंडाऱ्याचं नाव उमटलं.

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली, पिशवीतून कोरे दाखले काढले आणि टेबलाशी बसले. "सर, हजेरी वाचा. जो हजर असेल त्याचं नाव घालून सही करतो."

सरांनी वही उघडली. एकच्या वरचं, कडेला लिहिलेलं ते नाव त्यांना दिसलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हिला खाली अकरा नंबर घालून पुन्हा सही करतो," ते म्हणाले. "म्हणजे रीतसर होईल."

"कशापायी?" अंबा म्हणाली. "तुमीच लिव्हलंय तितं. जागा नका बदलू, सर. हाक तितून सुरू करा."

 सरांचं बोट सवयीनं एकवर गेलं होतं. ते थांबलं, वर सरकलं. सरांनी घसा साफ केला.

"अंबाबाई रायभान."

"हाय!" अंबा म्हणाली, आणि खुर्चीवरून उठली नाही.