भट्टीत ठेवलेला नफा

काचेच्या कारखान्यात तीस वर्षं तिने बाटल्या उजेडासमोर धरल्या. बुडबुडा दिसला की बाजूला, खडा दिसला की भंगारात. नोकरी संपली तरी डोळ्यांची ती खोड गेली नाही. रस्ते, माणसं, दुपारची उन्हं, सगळं हिरवट काचेपलीकडे संथ तरंगत असल्यासारखं तिला वाटे. कारखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत.

निवृत्त होताना कंपनीने तिला थोडे शेअर दिले होते. दरवर्षी त्यांवर लाभांश यायचा आणि त्या पैशांत ती समुद्राकाठच्या धाकट्या बहिणीकडे पंधरा दिवस राहून यायची. दोघी खिडकीत बसायच्या. बोलणं संपलं तरी उठायच्या नाहीत. यंदा बहिणीची नजर पार अधू झाली होती. "ताई, तुझा चेहरा दिसतोय तोवर ये," असं ती फोनवर म्हणाली होती.

आणि नेमकं यंदाच संचालकांच्या मनात आलं की नफा वाटायचा नाही, नवी भट्टी बांधायची. भागधारकांच्या सभेत ते ठरणार होतं. दारातच हिशेबनिसाने तिला गाठलं.

"मावशी, भट्टीसाठी हात वर करा हं."

"माझा नफा गिळायला?"

"गिळतंय कोण? कंपनीत ठेवला तरी तो तुमचाच. भट्टी चालली तर शेअरचा भाव वाढेल, पुढे लाभांशही वाढेल."

"आणि नाही चालली तर?"

"तर मला शिव्या द्या."

"त्या आजच देऊन ठेवते."

हात वर करायचा नाही, हे ती घरूनच ठरवून आली होती. अध्यक्षांचा आवाज लांबून येत राहिला. तंद्रीतच तिने समोरची, कारखान्यातच घडवलेली काचेची पाण्याची बाटली उचलून खिडकीकडे धरली. गळ्याशी पांढरा कण. शेजारच्या बाटलीतही तसाच. तिची तंद्री उडाली. भट्टीच्या विटा झिजून काचेत उतरत होत्या. अशी भट्टी फार तर वर्ष काढेल. मग कसली कंपनी आणि कसला लाभांश?

मतदान झालं तेव्हा, पाण्यातून वर यावा तसा तिचा हात सावकाश वर आला.

घरी येऊन तिने फोन लावला. "यंदा जमायचं नाही गं."

"ठेवून घेतले ना त्यांनी तुझे पैसे?"

"मीच ठेवले."



"मोठी शहाणी," बहीण म्हणाली. "मग आता कशी दिसतेस ते नीट सांग. मला लक्षात ठेवायचंय."

ती फोन घेऊन आरशासमोर उभी राहिली.

"डाव्या भुवईत एक केस पांढरा झालाय," ती म्हणाली. "उजवी अजून काळी आहे."