‘ठिपके’ कुठे ठेवलंय?

ब्रेल छापखान्यातले सर निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी तिथलं सगळं काम अजून त्यांच्या ‘ठिपके’वरच चालत होतं. साध्या अक्षरांतलं पुस्तक ब्रेलच्या ठिपक्यांत बदलणारा हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. सोमवारी नवा कॉम्प्युटर आला, जुन्या डिस्कवरचं सगळं त्यात उतरवलं, आणि ‘ठिपके’ टाइप केल्यावर पठ्ठ्यानं सरळ कानांवर हात ठेवले: अशी कमांड सापडली नाही.

सरांच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलेली ऑपरेटर घाबरली नाही. कॉम्प्युटर ठरलेल्या चार-पाच फोल्डरांतच शोधतो, तिथे दिसलं नाही की नाही म्हणून मोकळा होतो, हे सरांनीच तिला सांगितलं होतं. एकदा अपडेटनं त्या फोल्डरांतलं सगळं पुसून टाकलं, तेव्हापासून सर आपला प्रोग्रॅम भलत्याच कोपऱ्यात ठेवत. जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी तो कोपरा सांगून ठेवला होता, नव्याला तो ठाऊक नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं सगळी डिस्क धुंडाळली असती, तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

पण तिनं सरांच्या घरी फोन लावला. काकू परवाच रडवेल्या होऊन म्हणाल्या होत्या, “काल मलाच विचारलं, तुम्ही कोण म्हणून. आणि ऑफिसला जायचंय म्हणत रोज बूट घालून बसतात गं.” ऑपरेटरला वाटलं, माणसं विसरली तरी बोटं थोडीच विसरतील? सरांनी स्वतः शोधून दिलं, की त्यांना किती बरं वाटेल! वेडी आशा, दुसरं काय.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, ऐटीत खुर्चीवर बसले. “माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही वाटतं!” म्हणाले. ‘ठिपके’ टाइप केलं. नाही सापडलं. पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. मग हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

“मी नीट ठेवलंय हो,” ते पुटपुटले. “सापडावं म्हणूनच ठेवलंय.”

आपण हे कशाला केलं, असं तिला झालं. “राहू द्या सर, मी बघते,” म्हणत तिनं डिस्कभर शोध लावला. एकच ओळ आली. फोल्डरचं नाव होतं ‘खारूताई’.

ड्रॉवरमध्ये स्क्रू, पेन्सिलींचे तुकडे, काय वाट्टेल ते साठवते म्हणून सर तिला खारूताई म्हणायचे. फक्त सरच. तिनं प्रोग्रॅम उघडून त्यांच्यासमोर धरला. सरांनी एकेक ओळ वाचली, मान डोलावली.

“नेटकं लिहिलंय. कुणाचं काम हे?”

“आमच्या सरांचं.”

“हुशार दिसतात. तुम्ही एकदा त्यांची गाठ घालून द्या की.”

नऊ वर्षं अगं-तुगं करणारे सर तिला अहो-जाहो करत होते. “देते ना,” ती म्हणाली, आणि त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली वाकली, आपलं तोंड त्यांना दिसू नये म्हणून.