नानांची पाटी

दीड महिना झाला. त्या सकाळी आठ वाजता नानांचं उत्तर आलं नाही. एरवी आठच्या ठोक्याला कळंबहून माझ्या फोनवर ‘होय’ येऊन पडायचं. त्या दिवशी आलं नाही, तर मला वाटलं, चार्जिंग संपलं असेल. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगला जाऊन बसले. बटणाचा रंग हिरवा ठेवायचा की निळा, यावर दीड तास खल चालला होता... साडेनवाला बाहेर येऊन फोन लावला, तर तो शेजारच्या शकुंतलाकाकूंनी उचलला. “झोपेतच गेले गं बाई. चेहरा लई शांत हाय,” म्हणाल्या. वडील गेल्याची बातमी मला अशी कळली, हातात कॉफीचा कागदी कप घेऊन उभी असताना.

फोनवरच्या पडद्यांची रचना करणं हे माझं काम. त्यात एक चौकट असते. ती पडद्याच्या मधोमध येते, मागचं सगळं अंधुक होतं आणि होय किंवा नाही म्हटल्याशिवाय ती हटत नाही. आम्ही तिला मोडल म्हणतो. नाना तिला पाटी म्हणायचे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, समोर काही लिहिलेलं आडवं आलं की त्यांच्या लेखी ती पाटीच. ही चौकट माणसाची वाट अडवते, तेव्हा जपून वापरा, असं मी ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवते. पण अडवल्यावर काय करायचं, हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीत ते मला कळंब-तुळजापूर गाडीत सोबत न्यायचे. एकदा एक म्हातारी कुठं उतरायचं तेच विसरली. ड्रायव्हर पुढून ओरडत होता, “ओ नाना, द्या की घंटी!” नाना तिच्यासमोर उभेच. तिला गावाचं नाव आठवेपर्यंत त्यांनी घंटी दिली नाही. मग मला म्हणाले, “आपुन विचारलंय न्हवं? मग ऐकायला थांबाया पाहिजे.”

आई गेल्यावर ते एकटे पडले. पुण्याला आले तरी चार दिवसांत एसटी स्टँडची आठवण काढायचे. पुढं रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रोज सकाळी आठवणीचा फोन करणं मला जमेना. खरं सांगायचं तर जमत होतं, पण जिवावर यायचं. मग मी हुशारी केली, त्यांच्या फोनात एक पाटी बसवून दिली. रोज आठला ती यायची : ‘नाना, सगळं ठीक आहे ना?’ खाली दोन बटणं, होय आणि नाही. माझ्या मनात गोळीच होती, पण जरा मायेनं लिहावं म्हटलं. ‘नाही’ आलं की माझा फोन वाजायचा आणि त्यावर यायचं, ‘नानांना फोन करा.’

पहिल्याच आठवड्यात चार वेळा ‘नाही’ आलं. मी दर वेळी घाबरून फोन लावायचे आणि ते निवांत चहा पीत बसलेले असायचे. चौथ्या वेळी मी चिडले.

“नाना, गोळी घेतलीत ना?”

“घेतली की.”

“मग नाही कशाला दाबता?”

“पाटीनं गोळीचं कुठं विचारलं? सगळं ठीक हाय का म्हणली. न्हाय ठीक... म्हणून न्हाय दाबलं. खोटं कसं दाबू?”

काय ठीक नाही, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, “बरं बरं, माझीच चूक,” आणि त्याच दुपारी प्रश्न दुरुस्त केला : ‘नाना, गोळी घेतली का?’ दुसऱ्या दिवसापासून रोज ‘होय’. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. मी निर्धास्त झाले आणि माझे फोन आठवड्यावरून पंधरवड्यावर गेले. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा नाना म्हणाले, “तुझी पाटी आता लई शहाणी झालीय बाई. कामापुरतंच विचारती.” मला ते कौतुक वाटलं होतं. मी हसलेसुद्धा.

कळंबचं घर बंद करून येताना त्यांची चामड्याची तिकिटाची बॅग आणि फोन तेवढा घेऊन आले. फोन बॅगेतच ठेवते, रोज न चुकता चार्ज करते. आठला पाटी येते, गोळी घेतली का विचारते आणि उत्तर मिळत नाही म्हणून तशीच थांबून राहते. तिच्यामागं आईचा फोटो आहे, तो अंधुक दिसतो.

काल बसून मी प्रश्न पुन्हा पहिल्यासारखा केला. आज आठला पाटी आली : ‘नाना, सगळं ठीक आहे ना?’ मी खरं होतं ते दाबलं. नाही.

शेजारी ठेवलेला माझा फोन वाजला. ‘नानांना फोन करा.’