तापलेल्या इंजिनावर ओतलेली बादली

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत मी आळे गावच्या पिठाच्या गिरणीत इंजिन चालवायचो. गिरणी एका मारवाडी शेठची. इंजिन बसवलं होतं जुन्नरच्या एका मुसलमान मिस्त्रींनी, आणि चालवायला मला शिकवलं तेही त्यांनीच.

"इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर तळहात ठेवून बघत जा," ते सांगायचे. "हात टेकवता येईना, तर आधी जात्याचा पट्टा काढ. लोड नसताना इंजिन हळू चालू दे, आपोआप निवेल. आणि गरम इंजिनावर गार पाणी कधी टाकू नकोस."

ती टाकी भरायला एक विधवा बाई होती. विहिरीवरून दिवसभर हंडे आणायची. मी तिला मावशी म्हणायचो.

गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी गिरणीत ही गर्दी. एरवी एका वेळी एकच जातं चालायचं. त्या दिवशी मी दोन्ही लावली. सकाळपासून इंजिनाला उसंत नव्हती. दळणाला आलेल्या बाया कौतुकानं बघत होत्या, आणि ते मला आवडत होतं.

दुपारी मावशी म्हणाली, "भाऊ, टाकीतलं पानी लई तापलंय. जरा थांबवा की."

"तू पाणी आण. इंजिनाचं मला कळतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

थोड्या वेळानं इंजिन ठोके देऊ लागलं, धूर काळा झाला. पट्टा काढायचं मला सुचलंच नाही. घाबरून मी बादली उचलली आणि थेट इंजिनाच्या डोक्यावर ओतली. टण्णकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

शेठ धावत आले. "काय झालं?"

"मावशीनं टाकी पुरती भरली नव्हती," मी म्हणालो.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. शेठनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं हंड्याखालची चुंबळ उचलली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. इंजिनाच्या डोक्याला गेलेल्या तड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. शेठ बाहेर होते. "पाणी कमी पडून असा तडा जात नाही," ते हळूच म्हणाले. "मी शेठना काही बोलणार नाही. तू बोल."

बोलायला मला आठ दिवस लागले. शेठ रागावले, पण मला काढलं नाही. "तिला बोलावून आण," एवढंच म्हणाले.

मावशी डिंगोऱ्याला बहिणीकडे गेली होती. तिथं कांद्याच्या वावरात खुरपत होती. मी बांधावरूनच सांगितलं, "मावशी, मी शेठना खरं सांगितलंय. परत चला."

तिनं खुरपं थांबवलं नाही. "शेठला सांगितलंस. त्या बायांना सांगितलंस का? त्यांच्यादेखत माझ्यावर ढकललं व्हतंस."

"नाही," मी म्हणालो.

"मग न्हाई यायची मी."

त्यानंतर चार वर्षं मी त्या गिरणीत होतो. त्याच बाया रोज दळण घेऊन यायच्या. त्यांना सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.