इंद्रवेल्लीची लाइन कोन खाऊन राह्यलं?

आमच्या एक्स-रे सेंटरात कोनाचा कोनावर भरोसा नाही. अशा जागी किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी शटर वर केलं की एखादा तयारच असतो!

सेंटर आदिलाबादला, शाखा बोथ अन् इंद्रवेल्लीला. एक्स-रेचे फोटो शाखेच्याच कॉम्प्युटरवर राहतात, आमचे डॉक्टर इथून शेअरिंगनं उघडून रिपोर्ट देतात. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडं. शाखांचं नेट मात्र मरतुकडं! आमचा कॉम्प्युटर एका दमात फोटोचा मोठा तुकडा मागायचा, तो अर्ध्यात तुटला की पुन्हा पहिल्यापासून. म्हनून बोथसाठी तुकड्याची साईज लहान केली. फोटो पळाले लागले!

*

लगेच रमेशचा फोन. तो बोथचा टेक्निशियन. "अन्ना, तुकडे केले म्हंता. मधात एखादा राह्यला तर?"

"नाही राहत रे!"

"तुमी म्हंता. पन डॉक्टरले बरगड्या मोजाले सांगा!"

डॉक्टरांनी खरंच मोजल्या.

*

आमच्या साहेबांचा शक त्याहून खोल. "छोटे तुकडे म्हंजे जास्त तुकडे. जास्तीचं काम लवकर कसं होते? मले येडा समजून राह्यला का?"

चहा थंड होईपर्यंत समजावलं. तर म्हनतात, "मंग इतके दिवस काऊन नाही केलं?" घ्या!

*

इंद्रवेल्लीला विमलताई. तिथं साईज लहान करूनबी लाइन सकाळी मस्त, दुपारी आडवी. साहेबांचं ठरलेलं, "ती बाई आपल्या नेटवर फोनात सिरियल पाहते. या महिन्यात सुधारलं नाही तर काढूनच टाकतो."

मी इंद्रवेल्लीला गेलो. ताईंनी आपला फोन बंद करून टेबलावर ठेवलेला. "भाऊ, हा पाहा, दिवसभर बंदच हाय. मी काहीच नाही करून राह्यली. पोरीचं शिक्षन माह्याच जिवावर हाय हो." लय वाईट वाटलं मले, अन् रागबी आला.

*

परत येऊन तपासलं, इंद्रवेल्लीहून फोटो कोन ओढते. डॉक्टरांशिवाय एकच कॉम्प्युटर सापडला. साहेबांचा! ताई काम करते का नाही हे पाहाले ते रोज दुपारभर तिचं फोल्डर उघडं ठेवायचे, तेबी मोठ्या मोठ्या फोटोंसकट. सगळे फोटो त्याच बारीक लाइनीवरून पुन्हा पुन्हा यायचे, अन् डॉक्टरांचे अडकायचे.

स्क्रीन साहेबांपुढं धरली. "साहेब, लाइन यानं खाल्ली. हे लॉगिन तुमचंच ना?"

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. उठून केबिनचं दार लावलं. मग हळूच म्हनले, "म्हंजे त्या बाईनं माहा पासवर्डबी चोरला!"