टाकी सिलॅबसमध्ये नाही

लग्न करून मी विदर्भातून पुण्यात आले, तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची एमएस्सी होती आणि तोंडात 'करून राहिले', 'येऊन राहिले' होतं. सिंहगड रस्त्यावरच्या एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात नोकरी मिळाली. पहिल्याच तासाला "कोण बोलून राहिलं मागे?" असं विचारलं आणि सगळा वर्ग खिदळला. महिनाभर मुलं पाठीमागे माझी नक्कल करत होती. मी बोलणं बदललं नाही. त्यांनाच सवय झाली.

ते दिवस संगणकाचे होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला माळरानावर काचेच्या इमारती उठत होत्या, आणि आमच्या बाजूला धायरीच्या शेतांमध्ये त्या इमारतींत काम करणाऱ्यांसाठी सोसायट्या. अकरावीला प्रवेश घेताना पालक पहिला प्रश्न विचारायचे, "बायो सोडून कॉम्प्युटर घेता येतं ना?" येत होतं. जीवशास्त्राचा वर्ग दरवर्षी आटत चालला होता. शिकवणारे सर एका मोठ्या क्लासमध्ये निघून गेले, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्हाला बीएस्सीला बॉटनी होती ना?"

"होती, सर."

"मग घ्या दोन्ही."

अशी मी केमिस्ट्री आणि बायॉलॉजी, दोन्हीची मॅडम झाले. सगळे शिकवायचे तसंच मीही शिकवत होते. नोट्स सांगायच्या, आकृत्या काढायच्या, बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या आठवड्यात बारावीला पचनसंस्थेची उजळणी चालू होती. फळ्यावर यकृत काढलं आणि मागे वळले, तर बाकं रिकामी दिसली. नेहमी पुढे बसणाऱ्या दोन मुली नव्हत्या, खिडकीजवळचा एक मुलगा नव्हता. विचारलं, तर तिघांनाही कावीळ झालेली. तिघंही धायरीच्या एकाच सोसायटीतले. त्याच सोसायटीतली आणखी एक मुलगी वर्गात होती, पण तिचा धाकटा भाऊ अंथरुणावर होता.

मी खडू खाली ठेवला. यकृताला काय झालं म्हणजे डोळे पिवळे होतात, हे मी पुढच्या पाच मिनिटांत सांगणारच होते. त्याऐवजी विचारलं, "ही कावीळ आली कुठून?"

"पाणीपुरी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

सोसायटीच्या फाटकाशी एक उत्तरेकडचा माणूस गाडी लावायचा. काविळीची बातमी पसरल्यावर सोसायटीतल्या काही जणांनी त्याला हुसकून लावलं होतं, पुन्हा दिसलास तर गाडी फोडू म्हणून. हे सांगताना त्या मुलीचा आवाज बारीक झाला. "मॅडम, त्याचा पाण्याचा हंडा माझ्या बाबांनीच ओतून दिला. लाथ मारून."

तेवढ्यात मागच्या बाकावरून जुन्या धायरी गावातला एक मुलगा उठला. "मॅडम, आमच्या आळीत कुणालाच कावीळ न्हाई. आन् त्याची पाणीपुरी सगळ्यात जास्त आमीच खातो."

वर्ग हसला. एक जण म्हणाला, "तुम्हाला काहीही पचतं रे!" मी म्हटलं, हसू नका, हा मुद्दा खरा असू शकतो. ही कावीळ लहानपणी एकदा होऊन गेली, कळली नाही तरी, तर शरीर ती विसरत नाही, पुन्हा होऊ देत नाही. म्हणजे आळीतल्या लोकांना झाली नाही, एवढ्यावरून पाणीपुरीवाला सुटत नाही. आणि सोसायटीत झाली, एवढ्यावरून तो अडकतही नाही. मग काय करायचं?

कुणी वही उघडली नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं.

मी एवढंच सांगितलं की काविळीचा विषाणू पोटात गेला की लगेच आजार दिसत नाही. मध्ये काही आठवडे जातात, महिनाही जाऊ शकतो. "म्हणजे गेल्या आठवड्यात काय खाल्लं, हे विचारून उपयोग नाही. दसऱ्याच्या आसपास काय झालं होतं?"

ती मुलगी एकदम उभी राहिली. "मॅडम, पण तेव्हा तो नव्हताच! दसऱ्याच्या आधी गावाला गेला, तो दिवाळीनंतरची छठपूजा करूनच परत आला. आम्हीच म्हणायचो, कधी येतोय एकदाचा."

मग सगळे एकदम बोलायला लागले. पाणीपुरी नाही, तर सगळ्यांच्या पोटात गेलेलं दुसरं काय? दूधवाले वेगवेगळे. भाजी जो तो कुठूनही आणतो. उरलं पाणी. आणि दसऱ्याच्या सुमाराला सोसायटीच्या आवारात इंटरनेटची केबल टाकायला चर खणला होता, हेही तिलाच आठवलं. जमिनीखालच्या टाकीच्या अगदी कडेनं. शेजारी ड्रेनेजचं चेंबर.

तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं बाटल्यांमधून पाणी घेऊन आली. काही सोसायटीतल्या घरांचं, काही जुन्या गावातल्या नळांचं. आमच्या प्रयोगशाळेत जंतू तपासायची सोय नव्हती, पण क्लोरीन आहे की नाही एवढं कळू शकत होतं. पोटॅशियम आयोडाइड होतं, स्टार्च होता. पानात स्टार्च आहे का हे बघायला आयोडीन टाकतो आणि निळा रंग येतो, हे जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेलं. इथे तेच उलटं. पाण्यात क्लोरीन असेल, तर तो आयोडाइडमधून आयोडीन बाहेर काढतो आणि स्टार्च निळा होतो. मी हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा एक मुलगा आश्चर्यानं म्हणाला, "मॅडम, हे बायो आहे की केमिस्ट्री?"

"तू सांग," मी म्हटलं.

गावातल्या नळाचं पाणी फिकट निळं झालं. सोसायटीच्या पाण्याला काही झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तसंच स्वच्छ, पारदर्शक.

"पण आमच्याकडे रोज ब्लीचिंग पावडर टाकतात," ती मुलगी म्हणाली. "मी स्वतः बघते."

तिनं दुसऱ्या दिवशी पंप खोलीतल्या गोणीतली चिमूटभर पावडर कागदात बांधून आणली. आम्ही दुकानातून नवी पावडर आणली. नव्या पावडरीच्या पाण्यात थेंब टाकताच शाईसारखा रंग आला. गोणीतल्या पावडरीनं जेमतेम निळसर झाक दिली. गोणी पावसाळाभर उघडी पडून होती. तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेला होता, उरला होता नुसता चुना. सोसायटी रोज नेमानं तोच टाकीत टाकत होती.

प्राचार्यांना कळायचं ते कळलंच. त्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण निकालाची काळजी त्यांच्या मानगुटीवर बसलेली असायची.

"बाहेरचं पाणी लॅबमध्ये आणलंत म्हणे."

"हो, सर. मुलं काविळीची केस सोडवून राहिलीत."

"बोर्डाच्या पेपरात कावीळ किती मार्कांना असते?"

"यकृत येतं, सर."

"यकृत येतं," ते चष्मा पुसत म्हणाले. "टाकी येत नाही."

मी म्हटलं, "सिलॅबस वेळेत पूर्ण करते, सर. शनिवारी दुपारी जादा तास घेते. पण हे अर्धवट सोडणार नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरची फाईल उघडली. तीच परवानगी, असं मी धरलं.

सोसायटीच्या अध्यक्षांना भेटायला मी त्या मुलीला न घेताच गेले. तिच्या घरात तिला त्रास नको होता. अध्यक्ष एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी चहा विचारला आणि मग इंग्रजीत समजावलं की सोसायटी नवी आहे, टाकीचं बांधकाम उत्तम आहे, कारण सापडलेलं आहे आणि ते काढून टाकलेलं आहे. मी म्हटलं, "ज्याला काढलंत तो त्या दिवसांत पुण्यातच नव्हता." ते म्हणाले, "मॅडम, रविवारी मीटिंग आहे. तिथे बोला."

बोलायला लावून गप्प करता येईल, असं त्यांना वाटलं असावं. मी रविवारी सकाळी काचेचे ग्लास, बाटल्या आणि तीन विद्यार्थी घेऊन हजर झाले. त्यांत गावातला तो मुलगाही होता. मीटिंग पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पुढच्याच रांगेत एक निवृत्त गृहस्थ बसले होते, पांढरा लेंगा-शर्ट. त्यांनी माझ्या बाटल्यांकडे बघून विचारलं, "अहो बाई, पाणी तपासायला आलात की शिकवणी लावायला?"

"दोन्हीला," मी म्हटलं. लोक हसले. त्या हसण्याचा मला फायदाच झाला.

बोलायचं मुलांनी, असं आमचं ठरलं होतं. घरी बोलणी बसतील हे माहीत असूनही ती मुलगी स्वतःहून पुढे झाली. तिचे वडील तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. तिनं पहिल्या ग्लासात गावच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात तिथल्याच नळाचं, तिसऱ्यात गोणीतली पावडर घातलेलं, चौथ्यात नवी. थेंब टाकत गेली आणि काय होतंय ते सांगत गेली. पुस्तकी एक शब्द नाही. काविळीला आठवडे लागतात हे सांगून तिनं विचारलं, "दसऱ्याला इथे गाडी होती का? आठवा." बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाली, "खरंच नव्हती गं. दिवाळीला पाहुणे आले, तेव्हा शोधली होती आपण."

अध्यक्ष उठले. "हे सगळं ठीक आहे, पण क्लोरीन नसणं म्हणजे काविळीचे जंतू असणं, असं सिद्ध होत नाही."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "सिद्ध होत नाहीच. म्हणूनच टाकी उघडायला सांगायला आलोय."

"मेंटेनन्सचं शेड्यूल ठरलेलं असतं, मॅडम."

तेव्हा ते पुढच्या रांगेतले गृहस्थ उठले. "शेड्यूल राहू द्या. माझ्या नातीचे डोळे हळदीसारखे झालेत. उघडा टाकी."

टाकी उपसायला दुपार झाली. जेवायला कुणी घरी गेलं नाही. पाणी तळाशी गेलं तेव्हा दोघे जण बॅटरी घेऊन आत उतरले आणि एकानं खालूनच हाक मारली. केबलच्या चराच्या बाजूची भिंत तडकली होती. तड्यातून काळपट पाणी झिरपून खाली ओघळ आला होता, आणि वास वरपर्यंत येत होता. चेंबर त्या भिंतीला जवळजवळ खेटूनच होतं. अध्यक्षांनी वाकून पाहिलं, सरळ झाले आणि खिशातून मोबाइल काढून टँकरला फोन लावला. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, "थँक यू, मॅडम." मनापासून म्हणाले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

पुढे टाकीची दुरुस्ती झाली, चेंबर हलवलं, घरोघर लोक पाणी उकळून प्यायला लागले. आजारी मुलं महिन्याभरात वर्गात परत आली. आपल्या आजारावर आपल्याशिवाय एवढा अभ्यास झाला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पाणीपुरीवाल्याचं पुढे काय झालं, ते त्या मुलीनं मला सांगितलं. पुढच्या रविवारी तिच्या वडिलांनी स्कूटर काढली आणि तिला म्हणाले, "चल, त्याला शोधू." कुणी सांगितलं येरवड्याला आहे, तिथे नव्हता. शेवटी खडकी स्टेशनच्या बाहेर सापडला. त्यानं यांना ओळखलं आणि गाडी मागे ओढली. तिचे वडील रस्त्यावर हात जोडून उभे राहिले. "माझं चुकलं. तुझा काही दोष नव्हता. परत ये."

त्यानं पुऱ्या नीट रचल्या. मग म्हणाला, "नाही साहेब. इथे धंदा चांगला होतो. इथे कुणी मारत नाही."

मग त्यानंच विचारलं, "खाणार? तिखट चालेल ना?" बापलेकीनं उभ्याउभ्या पाणीपुरी खाल्ली. "बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं," ती म्हणाली. "तिखटानं असेल, मी विचारलं नाही."

मलाही तो परत यायला हवा होता. वर्गालाही. आपण खरं काय ते शोधून काढलं की बिघडलेलं सगळं आपोआप जुळून येईल, असं मुलांना वाटत होतं. तसं झालं नाही, आणि त्यावरही आम्ही एक अख्खा तास बोललो. त्या दिवशी कुठला विषय शिकवला, हे मला हजेरीपत्रकात लिहिता येईना.

निकाल लागला तो बरा लागला. फार डोळे दिपवणारा नाही, पण प्राचार्यांना तक्रार करता येऊ नये एवढा. त्या मुलीनं कॉम्प्युटरला जायचं घरात ठरलेलं होतं. तिनं मायक्रोबायॉलॉजी घेतलं. वडील कुरकुरले, पण अडवलं नाही.

जूनमध्ये नवा वर्ग आला. पहिल्या आठवड्यात दोन पालक येऊन बसले. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं, की या मॅडम पुस्तक बाजूला ठेवून मुलांना टाक्या तपासायला नेतात. आमच्या मुलांचं वर्ष महत्त्वाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सांगितलं, "पुस्तक पूर्ण शिकवीन, त्याची हमी माझी. पण कसं शिकवायचं, ते मी ठरवीन." त्यांना ते आवडलं नाही. पुढचे काही महिने ते प्राचार्यांकडे येत-जात राहिले.

त्यांना जिन्यापर्यंत सोडून मी वर्गात गेले. मुलं वह्या उघडून, पेनं सरसावून बसली होती. मी म्हटलं, "वह्या मिटा. तुमच्यापैकी कुणाच्या घरचं दूध या आठवड्यात नासलं?"

चार-पाच हात वर आले.

"कसं नासलं? सांगा."