कडेच्या अँटेनाचं गणित

आमच्या गाईड सरांइतका आळशी माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, आणि हे मी पूर्ण आदरानं लिहितेय. एकच काम दुसऱ्यांदा करायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. हजेरीला नावं वाचायची नाहीत, नुसतं विचारायचं, "कोण आलं नाही?" शर्ट सगळे एकाच रंगाचे, म्हणजे सकाळी निवडानिवड नको. लग्नात शेजारी बसलेल्यांची म्हशीपर्यंत चौकशी करायचे आणि लांबच्यांना हात उंच करून घाऊक नमस्कार. त्यांच्या पत्नी कुजबुजायच्या, "अहो, तिकडं माझे मामा बसलेत." सर शांतपणे म्हणायचे, "त्यांचा झाला की त्यात."

एम.टेक.ला माझ्या वाट्याला चौसष्ट अँटेनांचा संच आला, आठ ओळींत आठ-आठ मांडलेला. प्रत्येकाच्या लहरी बाकीच्यांना धक्के देतात, ते सगळे धक्के कॉम्प्युटरवर मोजायचे. कॉलेजचा कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरायचा आणि मध्येच मान टाकायचा. व्हायवा तोंडावर आलेली. उत्तरं नाहीत तर वर्ष वाया. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांना काय सांगणार होते, मशीन अडकलं म्हणून?

सरांनी स्क्रीनकडं पाहिलं. "काय गं, सगळे सारखेच हैत ना? मग एकाचं गणित कर अन् तेच सगळ्यांना लाव. शेजाऱ्यांचे धक्के नीट मोज, लांबच्यांचा एकदम घोळका धर."

मी तसं केलं. चहा संपायच्या आत उत्तर आलं. पण पडताळ्यासाठी सोळा अँटेनांचा छोटा संच या युक्तीनं आणि पूर्ण, असा दोन्ही तऱ्हांनी सोडवून पाहिला, तर ताळमेळच नाही. मी मधल्या अँटेनाचं उत्तर सरसकट सगळ्यांना चिकटवलं होतं.

मी पडताळा घेतला म्हणून सर खूश झाले. "पंगतीत कडेला बसलीयेस कधी? मधल्याला दोन्हीकडून कोपरं लागतात, कडेच्याला एकीकडूनच. त्याचं गणित येगळं. आळस लई करावा, पण कडेच्याच्या बाबतीत नाय." मग मधला, कडेचा, कोपऱ्यातला, तिघांचं वेगवेगळं गणित केलं. बाकी सगळी त्यांची नक्कल. ताळमेळ बसला.

व्हायवाला दादा आले, म्हणजे माझे वडील. इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत अंग चोरून बसले. मी पास झाल्याचं कळल्यावर सरांनी सवयीप्रमाणं घाऊक नमस्काराला हात उचलले. अर्ध्यावर थांबले. मग अख्खा हॉल ओलांडून गेले आणि दादांशेजारी खुर्ची ओढून बसले.

"पावणं, गाव कोणतं तुमचं? पोरीनं कडेची गणितं नीट सोडवली बरं का."

दादांना अँटेना कळत नाही. ते म्हणाले, "व्हय. ती पहिल्यापासून नीटच करती."

दोघं खूप वेळ बोलत बसले, बांधकामावर, पाण्यावर. परीक्षक चहाला थांबून राहिले.

सर आता निवृत्त होऊन गारखेड्यात राहतात. दिवाळीला साऱ्या विद्यार्थ्यांना मिळून एकच शुभेच्छा पाठवतात, त्यात कुणाचं नावसुद्धा नसतं. माझंही नसतं. दादांना मात्र वेगळा फोन येतो. मी शेजारी बसून ऐकते.